अमायलेज उतरलं आणि त्याच दिवशी दादा आयसीयूत गेला: ही फाइल वाचायची कशी?

सातबारा

माझा थोरला भाऊ, वय ५२. दारू नाही, तंबाखू नाही. मार्चमध्ये एका लग्नाहून आला आणि रात्री अकराला पोट धरून बसला. बेंबीच्या वर कळ, ती थेट पाठीत. वहिनीने ओवा दिला, सोडा दिला. पहाटे उलट्या थांबेनात तेव्हा गाडी काढली. तालुक्याच्या गावी रक्त तपासलं आणि डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाला सूज आहे, पित्ताच्या पिशवीत खडे दिसतायत, मिरजेला न्या.

तिथून पुढचे दिवस आमच्या घरात एकच शब्द होता, अमायलेज. स्वादुपिंडाचं एक एन्झाइम, रक्तात मोजतात. घरच्या ग्रुपवर रोज सकाळी आकडा पडायचा. आत्या तर सोयाबीनचा विचारावा तसा 'आजचा भाव काय?' असं विचारायची. सोमवारी २१४०, मंगळवारी १२६०, बुधवारी ४१०. बुधवारी ग्रुपवर फुलं आणि जोडलेले हात. त्याच दुपारी दादाला दम लागला, लघवी जवळजवळ बंद झाली आणि त्याला आयसीयूत हलवलं. नऊ दिवस तिथे होता. व्हेंटिलेटर लागला नाही, पण ऑक्सिजन मोठ्या प्रवाहाने द्यावा लागला.

आता घरी आहे, बरा आहे. माझं कुणाशी भांडण नाही. पण फाइल रोज उघडून बघतो. आकडा खाली येत असताना माणूस खाली कसा गेला? मला ही फाइल वाचायला शिकायचीय.

सोमवार सकाळ: लायपेज ३९००, पांढऱ्या पेशी १७,८००, हिमॅटोक्रिट ४९, युरिया ३८, क्रिएटिनिन १.१, साखर २१४, एसजीओटी २६८, एसजीपीटी ३१२, कॅल्शियम ८.६, सीआरपी २१.
मंगळवार सकाळ: हिमॅटोक्रिट ५०, युरिया ६७, क्रिएटिनिन १.९.
बुधवार सकाळ: कॅल्शियम ७.१, अल्ब्युमिन २.६, सीआरपी २८.७.

सीआरपी, म्हणजे सूज किती ते दाखवणारा आकडा, २१ वरून २८ म्हणजे काही फार वाढलं नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो.

अर्धा_चहा

दादा बरे आहेत हे वाचून आधी हुश्श झालं. बाकी जाणकार येतीलच. मी खुर्ची धरून बसतोय.

ओपीडीनंतर

सातबारा, मी फिजिशियन आहे, पण तुमच्या दादांना पाहिलेलं नाही. तेव्हा बोलेन ते आकड्यांबद्दल. तिथल्या उपचारांबद्दल नाही.

अमायलेज आणि लायपेज रोग *ओळखायला* असतात. तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या की निदान पक्कं: ठरावीक जागची कळ, यातलं एक एन्झाइम कमाल मर्यादेच्या तिपटीच्या वर, आणि सोनोग्राफी किंवा सीटीवरचा पुरावा. तिपटीची रेघ ओलांडली की अमायलेजचं काम संपलं. पुढे ते ५०० आहे की ५०००, यावरून आजार किती जोराचा हे ठरत नाही. दारावरची बेल वाजली म्हणजे कुणीतरी आलंय एवढंच कळतं. पाहुणा आहे की वसुलीवाला, हे बेलच्या आवाजावरून कसं ओळखणार?

पित्ताचा एखादा बारका खडा नळीत अडकतो आणि निसटून जातो. अमायलेज हजारांत जातं, आणि पेशंट तिसऱ्या दिवशी चहा मागतो. उलट वर्षानुवर्षं दारू पिऊन ग्रंथी वाळलेल्या माणसाच्या स्वादुपिंडात एन्झाइमच कमी उरलेलं असतं. आजार भयंकर आणि आकडा मात्र माफक.

आणि अमायलेज उतरणारच. पेशी फुटल्यावर एकदम रक्तात येतं, मूत्रपिंड ते बाहेर काढतं, तीन ते पाच दिवसांत पूर्वपदावर. लायपेज जरा जास्त दिवस रेंगाळतं. तुमच्या ग्रुपवर जो भाव पडत होता तो कालच्या बाजाराचा होता.

खवट_खोबरं

म्हणजे रोज अमायलेज काढणं निरुपयोगी होतं, हे एक डॉक्टरच सांगतायत. मग रोज काढलं कशाला? बिलाला वजन यावं म्हणून! नळ्या भरभरून रक्त काढायचं आणि नातेवाइकांच्या हातात कागद द्यायचा.

ओपीडीनंतर

खोबरं, अर्ध्या मुद्द्यावर तुमच्याशी सहमत. निदान झाल्यावर रोज अमायलेज काढण्यात हशील नाही, आणि ही सवय आमच्यात अजून आहे. कधी नातेवाईकच मागे लागतात, 'आज अमायलेज नाही केलं?' म्हणून.

पण 'रोज रक्त काढणं'च फुकट, हे साफ चूक. दुसऱ्या दिवशीचा युरिया नसता तर दादांच्या फाइलमध्ये वाचण्यासारखं फार थोडं उरलं असतं. त्यावर रात्री लिहितो, ओपीडी चालू आहे.

नळीवाली

मी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, चौदा वर्षं. सातबारा, एक विचारू? ते दोन सीआरपी एकाच लॅबचे आहेत का? आकड्याच्या पुढे बारीक अक्षरात एकक असतं. दोन्ही रिपोर्ट काढा आणि ते जसंच्या तसं इथे लिहा.

सातबारा

सोमवारचा दवाखान्याच्या लॅबचा. बुधवारी त्यांचं मशीन बंद होतं म्हणून बाहेर पाठवलं होतं.
सोमवार: २१ मिग्रॅ/लिटर.
बुधवार: २८.७ मिग्रॅ/डेसीलिटर.

नळीवाली

तेच वाटलं. एका लिटरमध्ये दहा डेसीलिटर. बुधवारचा सीआरपी २८.७ नाही हो, २८७ आहे. २१ वरून २८७.

सातबारा

...

दोन महिने हा कागद माझ्या हातात आहे.

अर्धा_चहा

अंगावर काटा आला.

नळीवाली

तुम्ही एकटे नाही. माझ्या काउंटरवर आठवड्याला दोन जण तरी येतात, 'त्या लॅबचा एवढा, तुमचा तेवढा, कुणाचं मशीन बिघडलंय?' म्हणून. मशीन दोन्हीकडची ठीक असतात. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवण्याआधी एकक बघा.

कॅल्शियमचंही बोलते. ७.१ बघून घाबरायला होतं, पण रक्तातलं निम्म्याच्या आसपास कॅल्शियम अल्ब्युमिनला वगैरे चिकटलेलं असतं. अल्ब्युमिन उतरलं की एकूण कॅल्शियमही उतरलेलं दिसतं. ढोबळ हिशोब असा: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, ०.८ ने गुणा, ते कॅल्शियममध्ये मिळवा. दादांचं १.४ गुणिले ०.८ म्हणजे १.१. दुरुस्त कॅल्शियम ८.२. कमीच आहे, पण ७.१ इतकं नाही. खरं तर आयनाइज्ड, म्हणजे न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम काढावं, ते रक्तातल्या वायूंच्या तपासणीबरोबरच मिळतं.

पाटपाणी

कॅल्शियम कमी होतं कशाने? सलाईनने?

ओपीडीनंतर

साबणाने. थट्टा नाही. स्वादुपिंडाचं लायपेज बाहेर सुटलं की आजूबाजूची चरबी फोडतं. त्यातून निघालेली मेदाम्लं कॅल्शियमला धरतात आणि पोटात खरोखरच साबण तयार होतो. पोट उघडलं तर चरबीवर खडूसारखे पांढरे ठिपके दिसतात. एवढं एकच कारण नाही, पण लक्षात राहणारं हेच.

आता सीआरपी. तो स्वादुपिंड बनवत नाही, यकृत बनवतं, आणि तेही सुजेचा निरोप पोचल्यावर. त्यामुळे उशिरा चढतो. सोमवारच्या २१ ला काही अर्थ नव्हता. कळ सुरू होऊन जेमतेम आठ-दहा तास झाले होते, तेव्हा तो बहुतेकांचा कमीच येतो. विचारायचं ते अठ्ठेचाळीस तासांनी. तेव्हा १५० मिग्रॅ/लिटरच्या वर असेल तर आजार जोराचा असण्याची शक्यता बरीच वाढते. तुमचा २८७. पण बघा, तो हातात आला तोवर दादांना दम लागलेलाच होता. सीआरपीचं हेच दुखणं आहे. खरं सांगतो, पण उशिरा सांगतो.

लवकर सांगणाऱ्या दोन तपासण्या तुमच्या फाइलमध्ये आहेत, त्याही सगळ्यात स्वस्त. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के ते, आणि युरिया.

या आजारात केशवाहिन्या गळू लागतात. रक्तातलं पाणी झिरपून पोटात, स्वादुपिंडाभोवती, छातीच्या पडद्यात जातं. पेशी तेवढ्याच राहतात, पाणी घटतं, रक्त दाट होतं. हिमॅटोक्रिट ४४ च्या वर आहे आणि सलाईन देऊनही चोवीस तासांत उतरत नाही, तर स्वादुपिंडाचा भाग मृत होण्याचा धोका जास्त धरतात. दादांचा ४९ होता, दुसऱ्या दिवशी ५०. रात्रभर सलाईन चालू असताना रक्त पातळ व्हायला हवं होतं.

युरियाचंही तसंच. मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचलं की तो चढतो. पहिल्या दिवशीच्या युरियापेक्षा चोवीस तासांत तो कुठल्या दिशेला गेला, ते बघायचं. ३८ वरून ६७! याच मंगळवारी अमायलेज २१४० वरून १२६० झालं होतं. एक कागद हसत होता, दुसरा ओरडत होता.

खवट_खोबरं

मग मंगळवारीच आयसीयूत का नाही नेलं?

ओपीडीनंतर

ते मला इथे बसून सांगता येणार नाही. त्या दिवशी आयसीयूत खाट होती का, लघवी किती होत होती, ऑक्सिजन किती होता, यातलं काहीच माझ्यासमोर नाही. आणि मागे वळून बघताना सगळेच हुशार असतात, मीसुद्धा. दर पाच पेशंटांपैकी चार जणांचा आजार सौम्य असतो, ते आठवड्याच्या आत घरी जातात. पाचवा कोण, हे पहिल्या दिवशी ओळखायची बिनचूक तपासणी अजून कुणाला सापडलेली नाही.

अर्धा_चहा

आजार किती जोराचा होईल याचा अंदाज देणारी रॅन्सन यादी नेटवर आहे, मी काल रात्री बसून तिच्यात दादांचे आकडे घातले. दाखल होतानाचे नियम: वय ५५ च्या वर, पांढऱ्या पेशी १६,००० च्या वर, साखर २०० च्या वर, एलडीएच ३५० च्या वर, एसजीओटी २५० च्या वर. एलडीएच फाइलमध्ये नाही. तरी तीन गुण झाले. तीन म्हणजे धोका. मग तिथेच खाली दिसलं की पित्तखड्यांसाठी यादी वेगळी आहे. वय ७०, पेशी १८,०००, साखर २२०, एलडीएच ४००, एसजीओटी २५०. त्यात दादांना एकच गुण! एकच माणूस, एकच नळी रक्त. हा काय प्रकार आहे?

दुसरं असं की, रॅन्सनमध्ये हिमॅटोक्रिट *उतरला* की गुण मिळतो. डॉक्टर म्हणतात न उतरणं वाईट. कोण खरं?

ओपीडीनंतर

इंजिनिअर दिसता! दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

रॅन्सन हे न्यूयॉर्कमधले सर्जन. त्यांची ११ मुद्द्यांची यादी १९७४ ची. त्या पेशंटांत दारूमुळे झालेले बरेच होते. खड्यांवाले पेशंट वयाने मोठे असतात, म्हणून पुढे त्यांनीच रेघा सरकवल्या. दादांच्या पेशी १७,८००. एका यादीत रेघेच्या वर, दुसरीत खाली. पण दोनशे पेशींनी माणूस वाचत नाही की मरत नाही. रेघेजवळचे आकडे असेच फसवतात.

हिमॅटोक्रिटचं म्हणाल तर रॅन्सनचे उरलेले सहा मुद्दे अठ्ठेचाळीस तासांत बघायचे असतात. त्यात दहा टक्के गुणांहून जास्त घसरण धरतात, कारण इतकी घसरण होते ती रक्तस्राव झाला असेल किंवा लिटरच्या लिटर पाणी ओतावं लागलं असेल तर. आपण बोलतोय ते पहिल्या चोवीस तासांतल्या दाटपणाबद्दल. वेळ वेगळी, प्रश्न वेगळा. आणि यादी पुरी व्हायला दोन दिवस लागतात, हीच रॅन्सनवरची जुनी तक्रार.

म्हणून आता बरेच जण २००८ साली आलेला बायसॅप नावाचा गुणतक्ता वापरतात. पाचच गोष्टी, पहिल्या चोवीस तासांत: बीयूएन २५ च्या वर, शुद्धीत फरक, सार्वदेहिक दाहाची लक्षणं, वय ६० च्या वर, छातीत पाणी. तीन किंवा जास्त म्हणजे सावध. सातबारा, मंगळवारच्या नर्सच्या तक्त्यात नाडी आणि श्वास किती होते? छातीचा एक्स-रे काढला होता का?

नळीवाली

डॉक्टर, थांबा. बीयूएन आणि युरिया एक नाहीत, हे लिहा नाहीतर पुन्हा एककांचा घोळ. बीयूएन म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. आपल्याकडे बहुतेक रिपोर्टवर युरिया असतो. २.१४ ने भागलं की बीयूएन. ६७ चे झाले ३१.

सातबारा

नाडी ११८, श्वास २८. एक्स-रेवर 'डाव्या बाजूला थोडं पाणी' असं लिहिलंय.

ओपीडीनंतर

आभार, नळीवाली. तर बीयूएन ३१, एक गुण. नाडी ९० च्या वर, श्वास २० च्या वर, पेशी १२,००० च्या वर. सार्वदेहिक दाह म्हणायला यातले दोन पुरले असते, इथे तिन्ही आहेत, म्हणून दुसरा गुण. छातीत पाणी, तिसरा. मंगळवार सकाळचा बायसॅप तीन. अमायलेजचा त्यात कुठे उल्लेखही नाही, हे बघा.

धुक्यातली_मेथी

मी मँचेस्टरजवळ सर्जिकल वॉर्डात नर्स आहे. माहेर कराड. इथे आम्ही ग्लासगोची यादी वापरतो. आठ मुद्दे, आद्याक्षरं जोडली की इंग्रजीत स्वादुपिंडाचंच नाव होतं, म्हणून परीक्षेला पाठ करायला बरी. दादांचे आकडे इथल्या एककांत बसवून बघितले. पेशी १५ च्या वर, कॅल्शियम २ च्या खाली, एसजीओटी २०० च्या वर, अल्ब्युमिन ३२ च्या खाली, साखर १० च्या वर. बुधवारी पाच गुण. तीनलाच इथे क्रिटिकल केअरला फोन जातो. गंमत म्हणजे ज्या युरियाबद्दल डॉक्टर एवढं बोलले तो ग्लासगोत बसतच नाही! इथली रेघ १६ मिलिमोल, दादांचा ११. पण तो चढत होता, आणि चढणं मोजायची सोय या यादीत नाही.

आमच्याकडे प्रोकॅल्सिटोनिन ही रक्ततपासणीही बघतात. त्याचा उपयोग थोडा वेगळा. नुसती सूज आहे की जंतूंचा संसर्गही झालाय, हे ठरवायला मदत होते. इथेच मँचेस्टरला त्यावर अभ्यास झाला, २०२२ मध्ये छापून आला. त्याच्या आधाराने प्रतिजैविकांचा वापर कमी झाला आणि त्यामुळे संसर्ग किंवा मृत्यू काही वाढले नाहीत. नाहीतर ताप आला की लाव अँटिबायोटिक, असंच चालतं. या आजारात ताप नुसत्या सुजेनेही येतो.

पाटपाणी

आता माझी कथा. तीन वर्षांपूर्वी मलाही अशीच कळ आली होती. अमायलेज *नॉर्मल*. मला गॅस म्हणून घरी पाठवत होते. लॅबमधला मुलगा धावत वर आला, म्हणाला नळीत दूध आहे! रक्त ठेवल्यावर वर पिवळं पाणी दिसतं ना, ते माझं पांढरंशुभ्र होतं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ४२००. मग सीटी झाला, निघाला पॅन्क्रियाटायटिसच, हीच स्वादुपिंडाची सूज. त्या मुलाला दर दिवाळीला फराळ जातो.

नळीवाली

पाटपाणीताई, त्या मुलाला माझाही नमस्कार. चरबी खूप असेल तर अमायलेजची तपासणीच बिघडते, आकडा खोटा कमी येतो. नमुना पातळ करून पुन्हा लावला की खरा आकडा वर येतो. ट्रायग्लिसराइड १००० च्या वर गेलं की ते स्वतःच या आजाराचं कारण होऊ शकतं.

आणि उलट फसगतही होते. गालगुंडातही अमायलेज वाढतं, ते लाळग्रंथीचं. म्हणून हल्ली लायपेजवर भर.

खवट_खोबरं

ओव्याच्या अर्काने सूज उतरते असं एका वैद्यांनी... असो. या धाग्यावर नको. पण एक प्रामाणिक प्रश्न. रक्त दाट होत होतं तर धडाधड सलाईन दिलं असतं तर दादा वाचले असते का आयसीयूतून?

ओपीडीनंतर

ओव्याचं आवरतं घेतलंत, बरं वाटलं.

सलाईनचं म्हणाल तर दहा वर्षांपूर्वी मीही 'हो' म्हणालो असतो. आम्हाला शिकवलं तेच होतं, ओता. मग २०२२ मध्ये वॉटरफॉल नावाची चाचणी आली. २४९ पेशंट, एका गटाला जोरात रिंगर लॅक्टेट (सलाईनचाच एक प्रकार), दुसऱ्याला बेताने. ती मध्येच थांबवावी लागली. जोरात दिलेल्यांचा आजार काही सौम्य झाला नाही, उलट शरीरात पाणी जास्त होण्याचं प्रमाण २०.५ टक्के, बेताच्या गटात ६.३. दादांच्या छातीत आधीच पाणी होतं. तेव्हा आता बेताने द्यायचं, आणि दर काही तासांनी नाडी, लघवी, युरिया, हिमॅटोक्रिट बघून कमीजास्त करायचं. बिल फुगवण्यासाठी नाही, यासाठी लागतं ते रक्त.

सातबारा

आज फाइल पुन्हा लावली. अमायलेजचे कागद मागे टाकले. मंगळवारचा युरिया बघताना वाटलं, हा कागद त्या दिवशी मीच सही करून घेतला होता.

डिस्चार्जवर 'गंभीर' असं लिहिलंय. ते कशावरून ठरलं? सीआरपीवरून?

ओपीडीनंतर

नाही. शेवटचा शिक्का रक्ताच्या एका आकड्याचा नसतो. २०१२ ला अटलांटा वर्गीकरण सुधारलं, त्याप्रमाणे फुप्फुस, मूत्रपिंड किंवा रक्ताभिसरण यातलं काहीतरी बंद पडलं आणि अठ्ठेचाळीस तासांनंतरही सुरू झालं नाही, तर 'गंभीर'. त्याआत सावरलं तर 'मध्यम गंभीर'. क्रिएटिनिन १.९ ही मूत्रपिंडाची रेघ, दादा मंगळवारीच तिच्यावर होते.

मीही एक विचारतो. पित्ताची पिशवी काढली का? एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम, ते ३१२ म्हणजे कारण खडेच. आणि साखर?

सातबारा

पिशवी अजून आहे. पोटात पाण्याची गाठ होती, ९ सेंमी, एप्रिलअखेर ४ झाली. सर्जन म्हणाले थांबा. साखरेचं कुणी बोललं नाही.

ओपीडीनंतर

थांबायला सांगितलं ते योग्य. सौम्य आजारात त्याच मुक्कामात पिशवी काढलेली बरी, पण गंभीर आजारात आतली सूज आणि गाठ निवळेपर्यंत हात लावत नाहीत. फक्त विसरू नका. पिशवी आत आहे तोवर पुन्हा हेच होऊ शकतं. आणि एचबीएवनसी करून घ्या, स्वादुपिंडाला इतका मार बसल्यावर मधुमेह मागाहून येऊ शकतो.

धुक्यातली_मेथी

आणि तुपकट जेवण जपून. लग्नसराई आहे.

सातबारा

सोमवारी सोनोग्राफी आहे, तेव्हाच एचबीएवनसीही करतो. आत्याने ग्रुपवर सवयीने विचारलंच, 'अमायलेज किती?' म्हटलं, ते आता काढत नाहीत. तिला पटलेलं नाही. दादा म्हणतो, डॉक्टरांना बाकी काय विचारायचं ते विचार, पण आधी पुरणपोळी कधी चालेल ते विचार.